काटा नव्हे, कस पाहा

'बारीक झालीस की!' हे आपल्याकडे कौतुकाचे वाक्य आहे. लग्नाच्या मांडवात, ऑफिसात डबा खाताना, माहेरी पाऊल टाकताच ते कानावर पडते आणि ऐकणारी सुखावते. वजन कशाने उतरले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. निदान न झालेल्या मधुमेहात वजन उतरते, क्षयात उतरते, थायरॉइड अतिसक्रिय झाले की उतरते, मनस्तापाने जेवण तुटले तरी उतरते. या साऱ्याचे सरसकट अभिनंदन करणाऱ्या समाजाने आरोग्याची खूणगाठ भलत्याच जागी बांधली आहे. बारीक होणे हे ध्येय सोडून द्यावे आणि तंदुरुस्त होणे हे ध्येय धरावे, अशी माझी भूमिका आहे. तंदुरुस्ती म्हणजे चढावर पुरणारा दम, ओझे पेलणारे स्नायू, जमिनीवरून उठवणारे पाय, वय वाढले तरी न सुटणारा तोल, आणि आवाक्यातला रक्तदाब नि रक्तशर्करा.

या भूमिकेवर आक्षेप घेतले जातात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. म्हणून एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप असा की, लठ्ठपणा हे मधुमेहापासून हृदयविकारापर्यंत अनेक आजारांचे मूळ आहे, मग बारीक होण्याला विरोध कशासाठी? यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. पोटाच्या आत आणि यकृतात साठणारी चरबी खरोखर घातक असते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण चरबी किती आणि कुठे आहे हे वजनाचा आकडा सांगतच नाही. ज्या बीएमआयवरून, म्हणजे उंचीच्या तुलनेतल्या वजनाच्या आकड्यावरून, आज कोणालाही जाड किंवा बारीक ठरवले जाते, त्याचे सूत्र १८३०च्या दशकात आडोल्फ केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने मांडले. त्याला मोठ्या लोकसमूहाच्या शरीरमानाचे वर्णन करायचे होते, एकेका माणसाचे रोगनिदान करायचे नव्हते. अमेरिकेतल्या अॅन्सेल कीज यांनी १९७२मध्ये या सूत्राला आजचे नाव दिले आणि पुढे ते दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता होऊन बसला.

हा आकडा आपल्याबाबतीत किती फसवा आहे, हे पुण्यातच सिद्ध झाले आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. तक्त्याप्रमाणे दोघेही सारखेच निरोगी. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के होते, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये १९९३पासून चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासाने त्याही मागची गोष्ट दाखवली. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपले बाळ स्नायूंनी पुष्कळच कमी भरले, चरबीत मात्र फारसे मागे नव्हते. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त, अशी ही शरीराची घडण जन्मापासूनच आपल्यासोबत येते. अशा लोकांना 'बारीक व्हा' सांगणे म्हणजे जे आधीच उणे आहे त्यातूनच आणखी वजा करणे होय.

यावर कोणी म्हणेल, म्हणूनच तर भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ऐवजी २३ केली ना? मग अधिकच बारीक व्हायला नको का? ती मर्यादा खाली आणावी लागली, कारण तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. उणीव स्नायूंची असेल तर उपाय स्नायू वाढवण्याचा हवा. मोजायचेच असेल तर कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

दुसरा आक्षेप: बारीक झाले की तंदुरुस्ती मागोमाग येतेच. ती येत नाही. नुसते जेवण तोडून वजन उतरवले, की उतरलेल्या किलोंमध्ये चरबीबरोबर स्नायूही असतात. 'एका महिन्यात दहा किलो' अशा जाहिराती हा हिशेब ग्राहकाला सांगत नाहीत. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने आता भारतातही मिळू लागली आहेत. ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांच्यासाठी ती मोलाची आहेत. पण या इंजेक्शनांनी घटणाऱ्या वजनातही स्नायूंचा लक्षणीय वाटा असतो, म्हणून जाणकार डॉक्टर त्यासोबत ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने घ्यायला सांगतात. पथ्य सुटल्यावर वजन परत येते तेव्हा गमावलेले स्नायू आपोआप परत येत नाहीत. असे दोन-तीनदा झाले की माणूस त्याच वजनावर आधीपेक्षा दुबळा होऊन उभा असतो.

आणि ज्या देशात बारीकपणाचा एवढा गौरव चालतो, त्या देशातल्या बारीक स्त्रियांची स्थिती काय आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के गरजेपेक्षा कृश आहेत, २४ टक्के स्थूल किंवा त्या वाटेवर आहेत, आणि ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्तक्षय काट्यावर दिसत नाही. तो जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर, पाण्याची कळशी उचलताना, दुपारी चार वाजता डोळ्यांपुढे येणाऱ्या अंधारीत दिसतो. स्थळाच्या माहितीत 'सडपातळ' असे कौतुकाने लिहिले जाते. त्या मुलीचे हिमोग्लोबिन किती, हे तिथे कोणी विचारत नाही. हाडांचेही तसेच. साठीनंतर पडून खुबा मोडण्याचा धोका कृश स्त्रियांना जास्त असतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो घेणारे बहुधा प्रयत्न करून थकलेले असतात. 'तीन महिने चालतोय, वजन अर्धा किलोही हलले नाही, मग उपयोग काय?' असे म्हणून लाखो माणसे बूट कोपऱ्यात टाकतात. त्यांना सांगायला हवे की उपयोग झाला आहे, फक्त तो काट्यावर उमटलेला नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी आहार सुधारला आणि चालणे वाढवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. वजन मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. त्या माणसांनी काट्यावर विश्वास ठेवून चालणे सोडले असते, तर आजाराला दार उघडे राहिले असते.

याहून जुना दाखला लंडनच्या दुमजली बसचा. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवले की, दिवसभर बसून बस हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. चालकांची कंबर मुळातच मोठी असते, म्हणून असे होत असेल, अशी शंका आली. मॉरिस यांनी गणवेशाच्या मापांवरून तीही तपासली. चालकांच्या विजारी खरेच मोठ्या मापाच्या होत्या. पण कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो वा स्थूल असो, जिन्याने दिलेले संरक्षण त्याला मिळतच होते. पुढे अमेरिकेत डलासच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २२ हजार पुरुषांचा दम ट्रेडमिलवर मोजला आणि वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला. १९९९मध्ये त्यांनी मांडले की, दम नसलेल्या सडपातळ पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण दमदार लठ्ठ पुरुषांपेक्षा जास्त होते.

इथे चौथा आक्षेप उभा राहतो आणि तो प्रामाणिक आहे: 'जाड पण तंदुरुस्त' ही आळशांची पळवाट नाही का? २०२१मध्ये स्पेनमधल्या पाच लाखांहून अधिक नोकरदारांच्या पाहणीत असे दिसले, की नियमित हालचाल करणाऱ्या लठ्ठ व्यक्तींमध्येही रक्तदाब आणि मधुमेह यांचे प्रमाण सडपातळ पण बैठ्या व्यक्तींपेक्षा अधिक होते. हा निष्कर्ष मी नाकारत नाही. व्यायाम केला म्हणजे पोटावरच्या चरबीला माफी मिळते, असे माझे म्हणणे नाही. ज्यांना डॉक्टरांनी यकृतासाठी, गुडघ्यांसाठी, श्वासासाठी वजन उतरवायला सांगितले आहे, त्यांनी ते उतरवलेच पाहिजे. पण त्याच पाहणीत हेही दिसले की, कोणत्याही वजनगटात हालचाल करणाऱ्यांची स्थिती न करणाऱ्यांपेक्षा चांगली होती. म्हणजे जाड माणसालाही पहिला लाभ व्यायामच देतो, आणि बारीक माणसालाही त्यातून सूट नाही. पळवाट शोधायचीच तर ती बारीकपणात अधिक सापडते. 'माझे वजन बरोबर आहे' एवढे म्हणून आयुष्यभर खुर्ची न सोडणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

काही जण आयुर्वेदाचा आधार घेतात. स्थूल आणि कृश यांत कृश बरा, असे चरकसंहितेत म्हटले आहे, हे खरे. पण ज्या अध्यायात ते म्हटले आहे, त्याच अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही गणना निंद्य शरीरांत केली आहे, आणि आदर्श ठरवला आहे तो प्रमाणात मांस असलेला, बांधा घट्ट असलेला, सहज आजारी न पडणारा माणूस. दोन दोषांतला सौम्य दोष म्हणजे ध्येय नव्हे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: वजन मोजता येते, तंदुरुस्ती कशी मोजणार? तीही मोजता येते, आणि बहुतेक वेळा यंत्राशिवाय. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ गिल अराऊजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार व्यक्तींना फक्त जमिनीवर बसून उठायला लावले. हाताचा, गुडघ्याचा आधार जितका जास्त घ्यावा लागला, तितका पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. पंगतीला मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांना ही परीक्षा नवी नाही. आपण ती डायनिंग टेबल आल्यावर द्यायची थांबवली. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पाहणीत हाताच्या पकडीची ताकद ही रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही आयुर्मानाचा चांगला अंदाज देणारी ठरली. न थांबता किती मजले चढता येतात, एका पायावर किती वेळ उभे राहता येते, कंबर किती, तीन महिन्यांची सरासरी साखर किती, हे सारे कोणीही वहीत लिहून ठेवू शकतो.

आता करायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेचे २०२०चे मार्गदर्शन साधे आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटे दम वाढवणारी हालचाल, आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. यातला दुसरा भाग मराठी मध्यमवर्गाने पार विसरून टाकला आहे. ज्या मुलखात तालमीतल्या जोर-बैठका घराघरांत ठाऊक होत्या, मल्लखांब शाळेत होता, औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे व्रत मानले, तिथे आज व्यायाम म्हणजे सकाळची फेरी एवढेच समीकरण उरले आहे. चालणे उत्तमच आहे, पण ओझे उचलल्याशिवाय स्नायू राहत नाहीत, आणि हे साठीच्या आजीला विशीच्या नातवापेक्षा जास्त लागू आहे.

महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर हा आहाराचा वाद घरोघरी रंगला. दोन जेवणांचा आग्रह धरणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायलाही सांगितले होते, आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर तर तंदुरुस्ती वजनाने मोजू नका असेच सांगत आल्या. ऐकणाऱ्यांनी मात्र दोघांकडून एकच प्रश्न उचलला: किती किलो उतरले? हा प्रश्न बदलल्याशिवाय कोणताही आहार आपल्याला निरोगी करणार नाही.

तंदुरुस्तीचा प्रश्न व्यक्तीपुरता नाही. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. 'घरकाम हाच बायकांचा व्यायाम' हे वाक्य या ५७ टक्क्यांवर पांघरूण घालते. घरकामाने अंग दुखते, पण त्याच त्याच हालचालींनी ताकद वाढत नाही. बायकांना रोजचा अर्धा तास मोकळा हवा, पायाखाली फूटपाथ हवा, संध्याकाळी निर्धास्त फिरता येईल असा दिवाबत्तीचा रस्ता हवा. शाळेत खेळाचा तास गणिताच्या शिक्षकांनी घेऊ नये. डॉक्टरांनी 'वजन कमी करा' एवढे एक वाक्य लिहून न थांबता कोणता व्यायाम, किती, आठवड्यातून किती वेळा, हे औषधासारखे लिहून द्यावे.

आणि वाचकांना माझी विनंती आहे. या आठवड्यात आपली कंबर मोजा, चढलेले मजले मोजा, जमिनीवरून हात न टेकता उठता येते का ते पाहा आणि तारखेसह लिहून ठेवा. आठवड्यातून पाच दिवस चाला, दोन दिवस ताकदीचे काम करा, ताटात डाळ, उसळ, दूध, अंडी यांचा वाटा वाढवा. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर तीन महिने काट्यावर उभे राहू नका. तीन महिन्यांनी तीच मापे पुन्हा घ्या. ती सुधारली असतील, तर वजन एक ग्रॅमही घटले नाही तरी व्यायाम सोडू नका.