समुद्रावरचा वारा आधी मोजा

बदनापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही राज्याची वीज एकाच जाळ्यातून फिरते. त्यामुळे अरबी समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तर त्यांचा संबंध इथल्या हरभऱ्याच्या पाण्याशी आणि वीजबिलाशीही येईल. म्हणूनच समुद्रावर वारा किती, केव्हा आणि कोणत्या भावात मिळेल, हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही.

डेन्मार्कने 1991 मध्ये विंडेबी येथे समुद्रात 11 पवनचक्क्या उभारल्या. भारताचे धोरण 2015 मध्ये आले. गुजरात आणि तमिळनाडूलगत मिळून सुमारे 70 गिगावॉट क्षमतेचा अंदाज आहे. जून 2024 मध्ये केंद्राने या दोन राज्यांत प्रत्येकी 500 मेगावॉटसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्र या टप्प्यात नाही.

ही उणीव घोषणांनी नव्हे, मोजणीने भरून काढावी लागेल. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला 6 मीटरवरून 8 मीटर झाला, तर ऊर्जा दुपटीहून अधिक होते. साहजिकच वेगाच्या अंदाजातील थोडीशी चूकही कोट्यवधींचा हिशेब बिघडवते. खंभातच्या आखातात 2017 मध्ये लेसर किरणांनी वारा मोजणारे लिडार यंत्र बसवले गेले, ते याचसाठी.

नुसती वार्षिक सरासरीही फसवी ठरते. पश्चिम किनाऱ्यावर वारा पावसाळ्यात जोरात असतो. रब्बीचे पंप मात्र हिवाळ्यात चालतात. दुसरीकडे, ढगांमुळे सौर वीज घटते तेव्हाच वारा वाढतो. म्हणजे समुद्रावरची पवनऊर्जा सौरऊर्जेची जोडीदार होऊ शकते. रब्बीतल्या रात्रीच्या पाळीवरचा उतारा म्हणून ती खपवू नये.

क्षमतेच्या हिशेबात समुद्राची खोली, मच्छीमारांची जागा आणि वादळेही धरावी लागतील. जून 2020 मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड किनाऱ्याची केलेली दैना ताजी आहे.

राज्याने कोकणालगत किमान वर्षभर मोजणी करून महिनावार आकडे जनतेसमोर ठेवावेत. पेरणीआधी शेतकरी जमिनीतली ओल पाहतो. जनतेचा पैसा समुद्रात पेरण्याआधी सरकारनेही तेवढे पाहावे.