दारावरचा प्रायमर

मे १९८३. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली किंग काउंटी. सिअ‍ॅटल विमानतळाच्या दक्षिणेकडच्या वस्तीत एक बाप रस्त्यामागून रस्ता पालथा घालत होता. पॅसिफिक हायवेवर एका पिकअपमध्ये बसून गेलेली त्याची मुलगी काही दिवस झाले तरी परतली नव्हती. बापाबरोबर तिचा मित्र होता. त्याने ती गाडी पाहिली होती आणि तिची खूणही त्याच्या ध्यानात होती : दारावर नुसता प्रायमर मारलेला, रंग न चढवलेला एक ठिगळासारखा डाग. गाडी सापडली, एका घरासमोर उभी. पोलीस आले. घरमालकाने कानांवर हात ठेवले, आणि पोलीस निघून गेले.

त्या घरमालकाचं नाव गॅरी रिजवे. त्याला बेड्या पडल्या ३० नोव्हेंबर २००१ रोजी.

‘ग्रीन रिव्हर किलर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या मालिका खुन्याची कहाणी सांगताना डीएनएचा पोवाडा गायला जातो. तो खोटा नाही. १९८७ मध्ये रिजवेला चघळायला लावलेला गॉजचा तुकडा जपून ठेवला होता. २००१ मध्ये नव्या तंत्रामुळे त्या तुकड्यावरच्या लाळेने त्याला पकडून दिलं. पुढे रंगही बोलला. रिजवे ट्रक बनवणाऱ्या कंपनीत तीसेक वर्षं रंगारी होता. स्प्रे रंगाचे डोळ्यांना न दिसणारे कण मृतांच्या कपड्यांवर मिळाले आणि आरोपपत्रात आणखी तीन खून वाढले. तपासपथकाने कष्ट उपसले नाहीत असंही नाही. फाशीच्या कोठडीत असलेल्या टेड बंडी या मालिका खुन्याचा सल्लासुद्धा त्यांनी घेऊन पाहिला. पण १९८४ मध्ये रिजवे पॉलिग्राफ चाचणीतून सहीसलामत सुटला. यंत्राने ‘खरं बोलतो’ म्हटलं, आणि प्रायमरचा डाग ओळखणाऱ्यांची साक्ष मागे पडली.

न्यायालयात त्याने आपला हिशेब सांगितला : देहविक्रय करणाऱ्या बायका निवडल्या, कारण त्या हरवल्याची तक्रार लवकर कोणी करणार नाही. बळींत घरातून पळालेल्या, शाळकरी वयाच्या मुली कितीतरी होत्या. त्याचा हिशेब अर्धा चुकीचा होता. तक्रारी झाल्या होत्या. एक बाप तर थेट त्याच्या दारात पोहोचला होता. बरोबर निघाला तो उरलेला अर्धा, त्या तक्रारींचं पुढे काय होतं याबद्दलचा.

सरकारी वकील नॉर्म मॅलेंग यांनी आधी फाशीवर सौदा नाही म्हटलं, मग केला : कबुली द्या, जागा दाखवा, जीव वाचवा. ५ नोव्हेंबर २००३ रोजी रिजवेने ४८ खून कबूल केले आणि १८ डिसेंबरला ४८ जन्मठेपा झाल्या. याला जीवदान, तर मग फासावर कोणाला चढवायचं, हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ मध्ये फाशी ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली, २०१८ मध्ये वर्णभेदाच्या कारणावरून रद्द झाली. मला मॅलेंग यांचा निर्णय पटतो. त्या बापाच्या मुलीचे अवशेष २००३ मध्येच मिळाले, रिजवेने जागा दाखवली म्हणून.

सगळ्यांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. १९८५ मध्ये ऑबर्नच्या एका उतारावर सापडलेल्या हाडांना दप्तरात नाव मिळालं ‘बोन्स १७’. ती १९८२ मध्ये घर सोडून गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीची होती, हे डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालं.