पिल्लाचा बाप शोधणारे आणि माणसाची जात हुंगणारे

मुळशी तालुक्यात पौडपासून ताम्हिणीपर्यंत कुठल्याही वाडीत जा, परसात कोंबड्या दिसणारच. पूर्वी सगळ्या गावठी होत्या. मग गिरिराज आली, वनराज आली, ऱ्होड आयलंड रेड आली, पाठोपाठ कडकनाथचे वेड आले. कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि कोंबडे कुणाचा बांध ओळखत नाहीत. त्यामुळे आज एकाच डालग्याखालच्या पिल्लांत एक काळे, एक तांबडे, एक चट्ट्यापट्ट्यांचे, एखादे उघड्या मानेचे निघते. मग ओट्यावरची जाणती मंडळी निकाल देतात: "हे कडकनाथचं. ते गिरिराजचं. याचे पाय पिवळे आहेत, याचा बाप कुणी वेगळाच दिसतोय!"

खेळ गमतीचा आहे. पण हीच माणसे हाच खेळ माणसांशी खेळतात, तेव्हा सोनई (२०१३) घडते, खर्डा (२०१४) घडते. म्हणून आज आम्ही कोंबडीवर लिहितो आहोत.

आधी कोंबडीचेच पाहू. पिल्लाकडे बघून त्याचे आईबाप सांगता येतात का? खुडूक कोंबडी दिसली की घरातली बाई तिच्याखाली चार कोंबड्यांची अंडी ठेवते. एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात आणि सगळी तिच्याच मागे फिरतात. म्हणजे जिच्या पंखाखाली पिल्लू आहे ती त्याची जन्मदाती असेलच असे नाही. बापाचे तर विचारूच नका. कोंबड्याशी संबंध आल्यावर त्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकते. त्या काळात दुसरा कोंबडा आला, तर एकाच कोंबडीच्या अंड्यांतून दोन बापांची पिल्ले निघतात. रंगावरून ठरवावे, तर गावठी कोंबडीच्या पोटी कडकनाथची क्रॉस पिल्लेही काळसर निघतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भाव वाढला आणि बाजारात जे जे काळे ते ते 'शुद्ध कडकनाथ' म्हणून खपू लागले. शुद्धतेचा बाजार असाच चालतो: आधी भीती घालायची, मग दाखला विकायचा.

आता 'शुद्ध' जातींची गोष्ट. ऱ्होड आयलंड रेड ही अमेरिकेतली नावाजलेली जात. ती तयार कशी झाली? आशियातून गेलेले मलय आणि शांघाय कोंबडे, इटलीकडच्या लेगहॉर्न आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या कोंबड्या यांच्या सरमिसळीतून. १९०४ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि कालचा संकर आज 'शुद्ध' झाला. आणि आपली गावठी? तिचे पिवळे पाय बघा. तो पिवळेपणा राखाडी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मधल्या संशोधनाने दाखवून दिले. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचा गुण आला या दुसऱ्याकडून. तो राखाडी रानकोंबडा आजही सह्याद्रीत आरवतो. म्हणजे ज्या पिवळ्या पायांवरून ओट्यावर संशय घेतला जातो, ते पाय हजारो वर्षांच्या मिसळीची खूण आहेत. अमिश्र असे मुळात काही नव्हतेच. कुणीतरी कुंपण घातले आणि आतल्या पक्ष्यांना 'जात' म्हटले.

आणि इथेच आपल्या भाषेने घात केला आहे. कोंबडीची 'जात' आणि माणसाची 'जात' याला मराठीत एकच शब्द. त्याचा आधार घेऊन शिकलेसवरलेले लोक युक्तिवाद करतात: "जनावरसुद्धा जातिवंत बघून घेतात, मग मुलीसाठी खानदान बघितले तर काय चुकले?" माणसाला खुराड्यात आम्ही ओढले नाही. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी ओढले. तेव्हा उत्तरही तिथेच घ्या. कोंबड्यांच्या दोन जातींत रंग, वजन, अंडी यांचा मोजता येणारा फरक असतो. मुळशीतल्या दोन जातींची दोन मुले अंघोळ घालून शेजारी उभी करा आणि आडनाव न विचारता जात सांगून दाखवा. नाही सांगता येणार. म्हणून तर आडनाव विचारावे लागते, गाव विचारावे लागते, गावातली आळी विचारावी लागते!

हे मनूलाही माहीत होते. मनुस्मृतीचा दहावा अध्याय हा संकराच्या वंशावळींचा अध्याय आहे. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई म्हणजे चांडाळ, अशी अनुलोम-प्रतिलोमाची कोष्टके त्यात आहेत. त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की हीन जन्माचा माणूस आर्यासारखा दिसत असला, तरी त्याच्या कर्मावरून तो ओळखावा. म्हणजे दिसण्यावरून जात कळत नाही, ही कबुली खुद्द मनूची! रक्त दिसत नाही, म्हणून काम नेमून द्यायचे, आणि मग त्या कामावरून रक्त ओळखायचे. याला ज्ञान म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. 'रिडल्स इन हिंदूइझम'मध्ये बाबासाहेबांनी मनूच्या या संकरसिद्धांताची चिरफाड केली आहे. मोठमोठ्या स्वतंत्र समाजांना मनूने अनैतिक संबंधांची संतती ठरवले, हा त्यांचा आरोप आहे. या ग्रंथासाठी १९८८ मध्ये आपली माणसे मुंबईच्या रस्त्यावर उतरली होती. तो कपाटात ठेवायचा ग्रंथ नाही, वाचायचा आहे.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. सजातीय विवाह हाच जातीचा गाभा, हे त्यांनी तिथे मांडले. १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी पुढचा घाव घातला: जात म्हणजे वंश नव्हे, लोक मिसळून गेल्यानंतर कितीतरी काळाने जाती आल्या, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत. तेव्हा जनुकशास्त्राचा पुरावा हाताशी नव्हता. तो २०१३ मध्ये आला. हार्वर्ड आणि हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले जवळपास सगळे समूह एकमेकांत मिसळले आणि त्यानंतर ही मिसळ थांबत गेली. कुंपण नंतर घातले गेले! पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्ने केल्यामुळे अनेक समूहांत आनुवंशिक आजारांचा धोका वाढला, हे २०१७ च्या अभ्यासाने सांगितले. कळपातला कोंबडा ठरावीक काळाने बदलावा, हे कोंबड्या पाळणाऱ्याला कळते. जातपंचायतीला कळत नाही.

पण मित्रांनो, इथे सावध राहा. "संकरित चांगले, म्हणून आंतरजातीय लग्न करा" असे आम्ही म्हणत नाही. माणूस वजनासाठी आणि अंड्यांसाठी पैदा होत नाही. उद्या विज्ञानाने उलटे काही सांगितले, तरी माणसाची प्रतिष्ठा एका तसूनेही कमी होत नाही. आंतरजातीय विवाह हवा तो कुंपण मोडण्यासाठी, आणि आपला जोडीदार आपण निवडण्याचा हक्क प्रत्येक मुलीला आणि मुलाला आहे म्हणून.

यावर एक प्रश्न हमखास येतो: "रक्तात जात नाही म्हणता, मग जातीचा दाखला कशाला मागता?" उत्तर पाठ करून ठेवा. दाखला रक्ताचा नसतो, झालेल्या अन्यायाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका खटल्यात हेच मान्य केले. वडील क्षत्रिय, आई आदिवासी. न्यायालय म्हणाले, अशा विवाहातल्या मुलाची जात वडिलांचीच, असे गृहीत धरता येईल, पण ते अंतिम नाही. आईच्या समाजात वाढलो, त्या समाजाची हेटाळणी आणि वंचना आपल्याही वाट्याला आली, हे दाखवण्याचा हक्क त्याला आहे. बीज कुणाचे, यापेक्षा वाढला कुठे आणि सोसले काय, हे महत्त्वाचे. आईने एकटीने वाढवलेल्या मुलाकडे जेव्हा बापाच्याच बाजूची १० ऑगस्ट १९५० पूर्वीची कागदपत्रे मागितली जातात, तेव्हा हा निकाल पुढे ठेवा.

आता कडू बोलतो. हा रोग फक्त सवर्णांच्या घरात आहे का? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला कुंपणाबाहेर काढले. आज आपल्याच वधू-वर मेळाव्यांच्या अर्जावर 'बौद्ध' लिहिल्यावर पुढे 'पोटजात' असा रकाना असतो. हिंजवडीच्या कंपनीत काम करणारा आमचा इंजिनिअर स्टेटसला बाबासाहेब ठेवतो आणि विवाहाच्या ॲपवर पोटजातीची खूण करतो. महाराच्या घरी मातंगाची सून आली की "मूळचे कोण?" अशी कुजबुज आमच्याही ओट्यावर होते. मग मनूत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

म्हणून काम सांगतो, छोटे आहे. आपल्या तालुक्यात पुढचा वधू-वर मेळावा ठरेल, तेव्हा आयोजकांकडे जा आणि अर्जावरचा पोटजातीचा रकाना खोडायला लावा. नाही ऐकले तर तो रकाना कोरा ठेवून अर्ज भरा. आणि गावात एखाद्या जोडप्याने जात मोडून लग्न केले, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभे राहा, फुले घेऊन आणि गरज पडली तर वकील घेऊन. ते एकटे पडले की कुंपणवाल्यांचे फावते.

जय भीम! जय संविधान!