खापर आईच्या माथी

लिंग निसर्गाचं, लिंगभाव समाजाचा. शिबिरात हे दोन रकाने मी फळ्यावर इतक्या वेळा आखलेत की ही वाटणी चळवळीनेच केली असं मला वाटायचं. पण ती आपल्याकडे आली लॉस एंजेलिसच्या एका मनोविश्लेषकाकडून, रॉबर्ट स्टोलरकडून. ज्यांच्या शरीरावरून मुलगा की मुलगी हे नक्की सांगता येत नव्हतं, अशांना त्यांनी तपासलं. मुलगी म्हणून वाढवलेलं मूल बहुतेकदा स्वतःला मुलगीच समजत होतं. शरीर वेगळं आणि ‘मी कोण’ ही जाणीव वेगळी, असं त्यांनी मांडलं. १९६८ साली त्यांचं पुस्तक आलं. केट मिलेट (१९७०) आणि अॅन ओकली (१९७२) यांनी त्याचा आधार घेतला.

फ्रॉइडच्या मते मुलगी आधी छोटा पुरुषच असते. आपल्यात काहीतरी कमी आहे हे उमगलं की ती बाई होते. हे मुलीचं मन की मुलग्याची समजूत, असं कॅरेन हॉर्नी यांनी १९२६ मध्येच विचारलं होतं. स्टोलरनी तर फ्रॉइडला उलटंच केलं: सुरुवात बाईपणातून होते, पुरुषपण मिळवावं लागतं.

इथवर आपण खूश. पण मग काही मुलगे इतके ‘बायकी’ का, याचं त्यांचं उत्तर आपण कधी फळ्यावर लिहिलं नाही. आई मुलाला फार काळ अंगाशी धरून ठेवते, म्हणून! (बाप नुसता ‘अलिप्त’. त्याची तेवढ्यावर सुटका.)

गेल्या पावसाळ्यात केंद्रावर एक बाई आली. आठवीतला मुलगा घरात साडी नेसतो, ‘मी मुलगी आहे’ म्हणतो. सासू म्हणते, तूच लाडावून ठेवलास. “ताई, माझं चुकलं का हो?” माझ्या तोंडावर प्रश्न आला होता: तो तुमच्या फार मागे मागे असतो का? तो मी कसाबसा गिळला. सासू आणि स्टोलर एकच बोलत होते, आणि मीही त्याच रांगेत उभी राहणार होते.

आपल्याकडे मुलगे पाच-सहा वर्षांचे होईतो आईच्या कुशीतच झोपतात. त्याने असं होत असतं तर घरोघरी झालं असतं. स्टोलरना भेटल्या त्या दवाखान्यात आलेल्या आया. बाकीच्यांना कोणी विचारलंच नाही.

तिला मी सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा निकाल समजावून सांगितला: आपला लिंगभाव कोणता, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शाळेत दाखवायला तिने त्याची झेरॉक्स मागितली.