शेवटची दहा पावले

बँकेत असताना एका सहकाऱ्याच्या रजेच्या अर्जांवर मी वर्षानुवर्षे सह्या केल्या. कारण ठरलेले : पोटदुखी. खरे कारण साऱ्या शाखेला ठाऊक होते. मी ते झाकत राहिलो आणि त्यालाच माणुसकी समजलो.

मी निवृत्त झाल्यावर एकदा तोच घरी आला. म्हणाला, "साहेब, डॉक्टरांनी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगचा पत्ता दिलाय. इथे नागपुरातच आहे. पण एकट्याने पाय उचलत नाही." आम्ही निघालो. त्या दारावरून दोनदा तसेच पुढे गेलो. तिसऱ्यांदा तो आत शिरला. मी बाहेर थांबलो. आत कुणी त्याचे आडनाव विचारले नाही, की फी मागितली नाही.

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांनी एकमेकांना सावरले. त्यातून ही चळवळ उभी राहिली. सभासदत्वाला अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. एरवी झटके येण्याचा धोका असतो.

पत्ता मिळतो हो! अवघड असतात ती दारापुढची शेवटची दहा पावले. तेवढी सोबत आपण करावी. माझ्या साऱ्या सह्यांपेक्षा तीच त्याच्या कामी आली.