मार्कर नॉर्मल आहे म्हणे!

मंडळी, गेल्या विकांताला गागोद्याला जाऊन आलो. गागोदे बुद्रुक, तालुका पेण, जिल्हा रायगड. विनोबा भावे इथे १८९५ साली जन्मले म्हणून गावाचं नाव पुस्तकात आहे. आमच्यासाठी ते काकांचं गाव. जाताना डोक्यात फक्त वालाची उसळ होती, येताना डोकं फिरलेलं होतं. का, ते सांगतो.

काका ६८ वर्षांचे. गेलं वर्षभर चढावर दम लागत होता. हिमोग्लोबिन ८.४. लोहाच्या गोळ्या झाल्या, आकडा थोडा वर गेला, गोळ्या संपल्या, आकडा परत खाली. 'वय झालं' या निदानावर सगळं घर समाधानी. शेवटी एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "हे रक्त जातंय कुठे?" आणि कोलोनोस्कोपी करायला सांगितली. काका ऐकेनात. म्हणाले, "विनोबांनीपण शेवटी औषध सोडलंच होतं की रे." मी म्हटलं, "काका, त्यांनी १९८२ साली सगळं समजून-उमजून सोडलं. तुम्ही काय झालंय ते न बघताच सोडताय." गेले एकदाचे. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला चांगला अडीच सेंटीमीटरचा पॉलिप निघाला. कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवर होता. दुर्बिणीतूनच काढून टाकला. पोटावर एक टाका नाही.

आता खरी गोष्ट. डॉक्टर म्हणाले, मुलांनीही तपासून घ्यायला हवं. काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, वय ३६, हिंजवडीत मॅनेजर. त्याने परवा ओटीवर बसून मोबाईलवर पीडीएफ उघडून दाखवली. "माझं फुल बॉडी चेकअप झालंय. सीईए १.८. ट्यूमर मार्कर आहे तो, कळलं? नॉर्मल!" आणि वर सहज, "अधूनमधून रक्त पडतं, पण ती मूळव्याध आहे."

"कुणी सांगितलं मूळव्याध आहे?"

"त्यात सांगायचंय काय?"

झालं! हा लेख दादासाठी, आणि अशी पीडीएफ जपून ठेवणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी.

सीईए हे प्रथिन १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी शोधलं. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या पेशंटवर पुढे लक्ष ठेवायला ते खरंच उपयोगी आहे. पण धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला ते वापरू नये, हे कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. सिगरेट ओढणाऱ्याचं ते उगाच वाढलेलं दिसतं, यकृताच्या दुखण्यातही वाढतं. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा नॉर्मल असतं. मग पॉलिपची काय कथा! तो आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढत असतो, खोल शिरलेला नसतो. रक्तापर्यंत पोचण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नसतंच.

आपल्या भाषेत सांगायचं तर, जी टेस्ट तो बग पकडण्यासाठी लिहिलेलीच नाही, ती पास झाली म्हणून आपण रिलीज करतोय. हापिसात असं केलं तर लोक हसतील. स्वतःच्या आतड्याबाबत मात्र बिनधास्त!

"पण आता नवीन रक्तचाचण्या आल्यात ना?" आल्यात. अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये 'शील्ड' नावाच्या चाचणीला मंजुरी मिळाली. ती रक्तातले डीएनएचे तुकडे तपासते. तिच्या मोठ्या अभ्यासात आतड्याचा कॅन्सर असलेल्या १०० पैकी ८३ जण सापडले. वा! आणि कॅन्सर होण्याआधीच्या मोठ्या, धोकादायक गाठी? १०० पैकी १३. म्हणजे ८७ जणांना 'ऑल ग्रीन' सांगून घरी पाठवलं. शिवाय ती मंजुरी ४५ च्या पुढच्यांसाठी. दादाच्या वयाला तीही नाही.

आणि सगळी गंमत तर त्या गाठीच्या टप्प्यातच आहे. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्या वेळात गाठ काढली की विषय संपला. ही मुदत सगळ्यात कमी वापरतो तो आपला तिशी-चाळिशीतला वर्ग. अमेरिकेने २०२१ साली तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं ते तरुणांमधला आजार वाढला म्हणूनच. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचीच तपासणी आहे, आतड्याची नाही. म्हणजे विचारायचं आपणच.

मग रक्ततपासणी बिनकामाची? नाही हो! काकांना वाचवलं ते साध्या हिमोग्लोबिननेच. पण त्याचा अर्थ एकाच दिशेने लावायचा. ते नॉर्मल आलं म्हणजे पॉलिप नाही, असं होत नाही. पण लोह कमी होऊन ते खाली आलं, तर रक्त कुठे जातंय हे विचारलंच पाहिजे, विशेषतः पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक आहेत, त्यामुळे ॲनिमिया म्हटलं की कुणाची भुवईसुद्धा हलत नाही. पण ६८ वर्षांच्या माणसाचं रक्त नुसत्या वयाने कमी होत नसतं.

पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी दरवर्षी करा, नाहीतर डॉक्टरांशी बोलून कोलोनोस्कोपी. शौचाची चाचणीही पॉलिप चुकवते, म्हणून तर ती दरवर्षी करायची. ती पॉझिटिव्ह आली तर दुर्बीण टाळायची नाही. त्याहून तरुण असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा: शौचातून रक्त, न थांबणारी पोटदुखी, सततचे जुलाब, लोहाची कमतरता. यातलं काही असेल तर मार्करच्या रिपोर्टाला काडीची किंमत नाही. आई, वडील किंवा भावंडांत कुणाला हे निघालं असेल तर वय कितीही असो, डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा.

सरसकट सगळ्यांनी दुर्बीण घालून घ्या असं मी म्हणत नाहीये. तेवढे डॉक्टर नाहीत, आणि त्यातही थोडा धोका असतोच. माझा राग आहे तो पॅकेजच्या यादीत 'कॅन्सर मार्कर' अशी ओळ घालून निर्धास्तपणा विकणाऱ्यांवर, आणि तो हौसेने विकत घेणाऱ्या आपल्यावर. संडासाबद्दल बोलायची लाज वाटते, म्हणून आपण हातातून रक्त काढून घेतो. खरं कारण एवढंच आहे.

असो. दादाने अजून अपॉइंटमेंट घेतलेली नाही. दादा, वाचत असशील तर फोन कर. त्या दिवशी गुंगीचं औषध देतात, तुला गाडी चालवता येणार नाही. मी येतो घेऊन जायला.