रिपोर्ट दोघांचा हवा

आमच्या भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ आंबागड आहे. सातपुड्याच्या टेकडीवर किल्ला, पायथ्याशी गाव. किल्ला १७०० च्या सुमाराचा, देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळातला. पण आज किल्ल्याबद्दल लिहायचं नाहीये. या सगळ्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, ती म्हणजे सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं होतं. आज इकडे आरोग्यसेविकासुद्धा एक साधा हिशोब समजावून सांगते: नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून तपासणी दोघांची. जुलै २०२३ मध्ये केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, त्यातही कार्ड मुलालाही आणि मुलीलाही. लग्नाआधी दोन्ही कार्डं ताडून बघा, एवढंच सांगणं.

मग मंडळी, गर्भ पुन्हा पुन्हा पडतो तेव्हा हा हिशोब आपण कुठे विसरतो?

तेव्हा वाक्य ठरलेलं असतं. "तिला राहतं, पण टिकत नाही." तिला! मग स्कूटर, पपई, मांडीवरचा लॅपटॉप, उशिरापर्यंतचे कॉल, अशी एकेक चौकशी सुरू होते. हे गावातच होतं असं समजू नका. हिंजवडीत पंधराव्या मजल्यावर राहणारी, दोघंही इंजिनिअर असलेली जोडपीसुद्धा दवाखान्यात बायकोचीच फाईल घेऊन जातात. नवऱ्याकडे फक्त पार्किंगची पावती.

आता विज्ञान काय म्हणतं ते बघू. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच गडबड असते. बहुतेक वेळा ती आनुवंशिक नसते, त्या वेळेपुरती नव्याने झालेली असते. उदाहरणार्थ, १६ नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन झालं, तर तो गर्भ वाढूच शकत नाही. स्कूटरने हे होत नाही. वयाने मात्र होतं, कारण बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि तिच्याबरोबरच म्हातारी होतात. पण मूल 'ऑनसाइट'नंतर की फ्लॅटनंतर, हे ठरवताना दोघं होते ना?

दुसरा प्रकार जास्त मजेशीर. (मजेशीर फक्त आमच्यासारख्यांना.) समजा दोन फाइल्सच्या शेपट्यांची अदलाबदल झाली. एकूण बाइट तेवढेच, काहीच हरवलेलं नाही, प्रोग्राम सुरळीत चालतो. काही माणसांची गुणसूत्रं अशी असतात. माणूस ठणठणीत, त्याला आयुष्यभर पत्ता नाही. पण मुलाला देताना प्रत्येक जोडीतली एकच फाइल जाते. एक अदलाबदल झालेली आणि एक मूळची गेली, की काही भाग दुप्पट आणि काही गायब. असा गर्भ बऱ्याचदा पडतो. एरवी पाचशेत एखाद्या माणसात सापडणारी ही गोष्ट वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरातल्या तीन ते पाच जोडप्यांत सापडते. आणि वाहक बायको असू शकते तसा नवराही असू शकतो.

तपासणी म्हणजे हातातून थोडंसं रक्त. पांढऱ्या पेशी लॅबमध्ये दोन-तीन दिवस वाढवतात, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवतात, रंगवतात आणि गुणसूत्रं मोजून जुळवतात. (माणसाची गुणसूत्रं ४६, हे तरी १९५६ पर्यंत कुठे नीट माहीत होतं? तोवर पुस्तकांत ४८ छापून यायची.) एक व्यवहाराची गोष्ट: पडलेल्या गर्भाची ऊतीही तपासता येते. मात्र ती फॉर्मेलिनमध्ये टाकली तर पेशी मरतात आणि कल्चर करता येत नाही. त्यामुळे ती सलाइनमध्ये पाठवणार ना, हे आधीच विचारून ठेवा. त्या क्षणी कुणाला सुचत नाही.

हे सगळं करून साधारण निम्म्या जोडप्यांत कारण सापडतच नाही. थायरॉइड नॉर्मल, गर्भाशय नॉर्मल, रक्त गोठण्याच्या तपासण्या नॉर्मल, गुणसूत्रंही नॉर्मल. पण कारण सापडलं नाही म्हणजे दोष तिचा, हे कुठलं लॉजिक? उलट अशा बऱ्याच जोडप्यांना पुढे निरोगी मूल होतं. अदलाबदल सापडलेल्यांनाही होतं, अनेकदा काही खास उपचार न करता. म्हणून रिपोर्ट आला की घाबरण्याआधी जेनेटिक समुपदेशकाकडे जा. जोडीने जा.

अजून एक. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तरी कित्येक जणी 'व्हायरल' सांगून दोन दिवसांत परत लॉगिन होतात. हक्क कागदावर आहे, पण तो मागायचा तर तोंडाने 'गर्भपात' म्हणावं लागतं, आणि ते म्हणायची सोय आपण ठेवलेली नाही.

आंबागडच्या बाजूचा एखादा गडी सिकलसेलसाठी मुकाट्याने बोट पुढे करतो. मोठ्या पॅकेजवाल्यांना दंड पुढे करायला काय हरकत आहे?